ओल्या कापसाची बातमी

वत्सलाबाईचा छापखाना शहाद्याच्या बाजारपेठेत होता. नवरा गेला तेव्हा भावकी म्हणाली, मशीन विकून टाक आणि गप घरी बस. ती कसली गप बसते! १९५८ साली तिचं चार पानी साप्ताहिक दर बाजाराच्या दिवशी निघत होतं. ज्याला वाचता येई तो पारावर बसून बाकीच्यांना वाचून दाखवी. छापलं ते खरं, अशी लोकांची भाबडी समजूत. तिला त्या समजुतीचीच भीती वाटायची.

बाजाराला दोन दिवस असताना म्हसावदचा रूपचंद पाटील कागद घेऊन आला. खळ्यातला त्याचा कापसाचा ढीग जळाला होता.

"चैत्या भिलनी आग लाई. हाई छापी टाका, बाई. बजारमा लोके वाचतीन, मंग आम्ही भिलाटीले देखी लेसूत."

बघून घेणं म्हणजे काय, ते त्याच्याबरोबर येऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसांच्या हातातल्या काठ्याच सांगत होत्या.

"आधी मी सोता देखसू," ती म्हणाली, "मंग छापसू."

दुपारच्या मोटारीने ती म्हसावदला गेली. ढीग वरून पांढराशुभ्र होता आणि पोटात काळा ठिक्कर. तिने हात घातला तर चटका बसला. आग लावणारा बाहेरून लावतो. हा ढीग आतून पेटला होता. शेतकऱ्याच्या घरची बाई ती, तिला पुढचं कोणी सांगायला नको होतं. परतताना भिलाटीत, भिल्लांच्या वस्तीत, बाया भांडीकुंडी गाठोड्यात बांधत होत्या, डोंगरात पळून जायला. चैत्याची बायको चुलीवरचं मडकं तसंच उचलत होती. ते बघून वत्सलाबाईचा संताप मस्तकात गेला.

छापखान्यात येऊन तिने स्वतः खिळे जुळवले. 'वजन वाढावं म्हणून आपण कापसावर पाणी मारतो. ओला कापूस दाबून ठेवला की आतून तापतो, पेटतो. म्हसावदचा ढीग असाच जळाला. चैत्याने काही केलेलं नाही. गेल्या साली मीही माझ्या कापसावर पाणी मारलं होतं.' खाली स्वतःचं नाव घातलं.

मशीन चालवणारा दगा नावाचा गडी ते वाचून गार पडला. "बाई, आते आपला पेपर कोन इकत ली?"

"नका लेवोत. चुलीमा घालतीन, पन वाचीसन घालतीन."

बाजारात पेपर वाचायला कोणीच धजेना. मग तीच पारावर चढली आणि शब्द न् शब्द खणखणीत वाचला.

"खोटं शे!" रूपचंद ओरडला.

"तुमनी कापूसनी गाडी आठेच उभी शे, भाऊ. कोपरलोंग हात घाला, सगळास्ना देखत."

रूपचंद जागचा हलला नाही. लोक त्याच्याकडे बघत होते, मग हळूच आपापल्या गाड्यांकडे बघू लागले. शेवटी म्हातारा नवल पुढे झाला. त्याने स्वतःच्याच गाडीत हात खुपसला, बाहेर काढला आणि ओला हात धोतराला पुसला.

"मन्हाबी वला शे," तो म्हणाला.

काठ्यावाले एकेक करून पांगले. रूपचंद तेवढा पाराखाली उरला, रागाने लाल झालेला.

"तुन्हा छापखाना बंद पाडसू!"

"पाडा, भाऊ," वत्सलाबाई म्हणाली. "तेबी छापसू."