गच्चीवर मी एकटाच वाजत होतो

मित्रांनो, मी जुना आहे, लाल आहे आणि खरं सांगायचं तर बराच मत्सरी आहे. मी एक स्पीकर आहे. विटेएवढा लांब, वर धरायला पट्टा, समोर बारीक जाळी. जाळीचा डावा कोपरा चेपलेला आहे. तो कसा चेपला यात माझ्या पराक्रमाचं काही नाही. एकदा मी बाकावरून पडलो, एवढंच.

माझा जन्म कारखान्यात झाला. लांब टेबलाशी बायका ओळीने बसायच्या. एकीने माझ्यात चुंबक बसवलं, दुसरीने तारा जोडल्या, तिसरीने स्क्रू पिळले. टेबलाच्या टोकाला बसणाऱ्या बाईचं काम म्हणजे प्रत्येक स्पीकर अर्धं मिनिट वाजवून बघायचा. बिचारी दिवसभर एकच गाणं ऐकायची, आणि तेही अर्धं. माझी पाळी आली तेव्हा तिने मला लगेच खाली ठेवलं नाही. गाणं संपेपर्यंत वाजू दिलं आणि शेजारणीला म्हणाली, "हा बरा बोलतो गं." मला मिळालेली ती पहिली शाबासकी. कौतुकाची चटक लागते ती अशी.

मला विकत घेतलं मास्तरणीने. ती लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. तिने मला घेतलं ते तिच्या मैत्रिणीसाठी. ही मैत्रीण घड्याळं दुरुस्त करते. हातात सदा चिमटा, म्हणून सगळे तिला चिमटी म्हणतात. मला तिच्या टेबलावर ठेवत मास्तरीण म्हणाली, "तुझ्या दुकानात नुसती टिकटिक असते. अशाने लवकर म्हातारी होशील."

चिमटीने डोळ्यावरचं भिंग वर केलं आणि मला हातात घेऊन चारी बाजूंनी पाहिलं. "आवाज केवढा आहे याचा?"

"खालचा मजला भांडायला येईल एवढा."

तेव्हापासून मी चिमटीचा झालो. पण माझं खरं आयुष्य दुकानात नाही, प्रवासात गेलं. मास्तरीण, चिमटी आणि त्यांची तिसरी मैत्रीण वर्षातून एकदा चार दिवसांची रजा काढून एखाद्या नव्या शहरात जायच्या. ही तिसरी औषधांच्या दुकानात काम करते. गाडीत बसली की पाचव्या मिनिटाला तिची मान कलंडते, म्हणून ती झोपाळू. तिघी मिळून एखादं छोटं घर भाड्याने घ्यायच्या, दिवसभर पाय तुटेस्तोवर हिंडायच्या आणि परत आल्या की चपला दारात भिरकावून मला स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवायच्या. मग नाच. मास्तरीण हातात झारा घेऊन नाचायची. झोपाळूला नाचता नाचता जांभया यायच्या, तरी ती थांबायची नाही. चिमटी आधी लाजायची, आणि एकदा सुरू झाली की तिला आवरणं कठीण.

पहिल्याच सहलीत खालच्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत वर आले. चिमटीने मला पाठीमागे लपवलं.

"गाणं तुम्हीच लावलंय ना?" आजोबांनी विचारलं.

"हो काका, बंद करतो लगेच," मास्तरीण म्हणाली.

"बंद कशाला? जरा वाढवा. खाली शब्द नीट कळत नाहीत."

मित्रांनो, त्या दिवशी मी असा वाजलो, की ओट्यावरचे चमचे थरथरले. पाच वर्षं अशीच गेली. पाच शहरं, पाच ओटे. फोटोत मी कुठे ना कुठे असायचोच: नदीकाठच्या पायऱ्यांवर, बसच्या मागच्या सीटवर, झोपाळूच्या डोक्याखाली उशी म्हणूनसुद्धा. मला वाटायचं, या तिघींची मैत्री माझ्या पट्ट्यालाच टांगलेली आहे. मी नसेन तर हे सगळं खाली पडेल.

सहाव्या वर्षी शिट्टी आली.

ती मास्तरणीच्याच शाळेत खेळ शिकवायची. गळ्यात शिट्टी, हसणं मोकळं, आणि पिशवीत एक नवा स्पीकर. काळा, गोल, माझ्या अर्ध्या वजनाचा. तो वाजला की त्याच्या अंगावर निळे-जांभळे दिवे फिरायचे. वर आणखी, तो पाण्यात पडला तरी बिघडत नाही असं शिट्टीने पहिल्या तासातच सांगितलं. मी त्याला पहिल्या क्षणापासून पाण्यात पाहत होतो. पण त्याचं पाण्यानेही काही बिघडत नाही म्हटल्यावर काय करणार?

आगगाडीत तोच वाजला. मी चिमटीच्या सॅकमध्ये, टॉवेल आणि सुक्या खाऊच्या डब्याच्या मधे, अंधारात पडून होतो. बाहेर मास्तरीण म्हणत होती, "काय स्वच्छ आवाज आहे गं याचा." मित्रांनो, हे मी नऊ इंच अंतरावरून ऐकलं. माझा नुसता तिळपापड झाला.

त्याच गाडीत एक गोष्ट घडली, ती मी सॅकच्या चेनच्या फटीतून पाहिली. शिट्टी बोलता बोलता म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून नव्या शाळेत गेलो, की आम्हाला एवढी रजा मिळणार नाही."

"आम्हाला म्हणजे?" चिमटीने विचारलं.

शिट्टीने मास्तरणीकडे पाहिलं. मास्तरणीने खिडकीबाहेर.

"आम्हा दोघींना दुसऱ्या गावी नोकरी लागलीय," मास्तरीण म्हणाली. "तुला सांगणारच होते."

"कधी?"

"सांगणारच होते गं. शब्द सापडत नव्हते."

"तिला सापडले ना," चिमटी म्हणाली, आणि पुढचे दोन तास तिने एकच मासिक उघडून धरलं. पान काही उलटलं नाही.

मला तेव्हा काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं. सॅकच्या अंधारात मी एकटा नव्हतो. माझ्या बाजूचं कुणीतरी बाहेरही होतं. दुसऱ्याच्या दुःखात आपली सोबत शोधणं चांगलं नाही, हे मला आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं.

तीन दिवस असेच गेले. चिमटी हसायची, पण उशिरा. बोलायची, पण विचारलं तेवढंच. शिट्टी मात्र तिच्याशी नेटाने गप्पा मारत राहिली. तिसऱ्या दिवशी बाजारात चिमटीच्या सँडलचा पट्टा तुटला, तर शिट्टीने स्वतःच्या केसांचा रबर काढून तो बांधून दिला. चिमटीने "थँक्यू" म्हटलं. दुकानात गिऱ्हाइकाला म्हणते तसं.

शेवटच्या दिवशी घरमालकिणीने गच्ची वापरायला दिली. दुपारी चारला पार्टी ठरली. घरमालकीण आणि तिच्या दोन शेजारणींनाही बोलावलं होतं. सकाळी झोपाळूने रंगीत कागदाच्या पताका लावल्या, मास्तरणीने खुर्च्या वर नेल्या. नवा स्पीकर साडेबाराला कुठे ओट्यावर चार्जिंगला लावला. मला बाहेरही काढलं नव्हतं.

एकच्या सुमारास चिमटी एकटी स्वयंपाकघरात गेली; तिथलं मला नंतर तिच्याच बोलण्यातून कळलं. तिने पाण्याचा पेला भरला, पण प्याली नाही. त्या काळ्या स्पीकरकडे बघत उभी राहिली. मग तिने हात लांब केला आणि एक्स्टेंशन बोर्डाचं बटण बंद केलं. काळ्याच्या पोटातला लाल ठिपका विझला. चिमटी आतल्या खोलीत आली, मला सॅकमधून काढलं, आणि पलंगामागच्या दुसऱ्या प्लगला लावलं. माझ्या जाळीवरची धूळ तिने ओढणीच्या टोकाने पुसली. किती दिवसांनी कुणीतरी मला पुसत होतं. आनंदाने मी वाजायचाच बाकी होतो.

पण ओट्यावरच्या त्या बंद केलेल्या बोर्डावर, टॉवेलाखाली, शिट्टीचा फोनसुद्धा चार्जिंगला लावलेला होता. तो चिमटीला दिसला नव्हता.

दोन वाजता शिट्टीने घाईघाईत तो फोन उचलला, एक पिशवी घेतली आणि "आलेच अर्ध्या तासात" म्हणून गेली. कुठे ते कुणी विचारलं नाही.

चारला सगळ्या गच्चीवर जमल्या. काळा स्पीकर लावायला गेले तर तो दोनदा लुकलुकला आणि गप्प. "अरे, रात्रभर लावून ठेवायला हवा होता," झोपाळू म्हणाली. चिमटी म्हणाली, "माझा आणते." ती मला घेऊन जिना चढली.

आणि मी वाजलो. जुन्या पाच शहरांची सगळी गाणी वाजवली. घरमालकीण मान डोलवत होती, शेजारणींनी ताल धरला. शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या मागून दोन डोकी वर आली. मास्तरीण म्हणाली, "याचा आवाज ऐकला की मला ते आजोबा आठवतात." मला याहून जास्त काही नको होतं.

साडेचारला मास्तरणीने शिट्टीला फोन लावला. बंद. पाऊण तासाने पुन्हा लावला. बंद.

"अर्धा तास म्हणाली होती," मास्तरीण म्हणाली. "हिला इथला पत्ता तरी पाठ आहे का?"

"फोनमध्येच आहे सगळं," झोपाळू म्हणाली. "पण फोन चार्ज होता ना? ओट्यावरच्या बोर्डावर तर लावला होता."

चिमटीने हातातला पेला सावकाश कठड्यावर ठेवला. "त्या बोर्डाचं बटण मी बंद केलं होतं," ती म्हणाली.

"का?"

मास्तरणीने एकदा चिमटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तिला उत्तर मिळालं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "चला, शोधायला," एवढंच म्हणाली.

सगळ्या खाली धावल्या. घरमालकीण एका गल्लीत, शेजारणी दुसऱ्या, मैत्रिणी पुलाकडे. मला बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

मित्रांनो, मला हवं होतं ते सगळं त्या संध्याकाळी मला मिळालं होतं. अख्खी गच्ची, पताका, सात खुर्च्या, वर मोकळं आकाश. त्या सात रिकाम्या खुर्च्यांसमोर मी एकटाच वाजत होतो. एक आनंदाचं गाणं संपलं की दुसरं आनंदाचं सुरू व्हायचं. मला थांबता येत नव्हतं. स्पीकरला स्वतःचं बटण दाबता येत नाही.

दिवे लागायच्या वेळेला शिट्टी आली. तिला शोधून कुणी आणलं नव्हतं, तिची तीच आली. गच्चीवरचं गाणं तिने तीन गल्ल्या पलीकडून ऐकलं आणि त्या आवाजाच्या मागे चालत आली, असं ती पुढे सगळ्यांना सांगत असे. मी त्याचं श्रेय घेत नाही. मी काही तिच्यासाठी वाजत नव्हतो. तिच्या टाचेला फोड आले होते. चुकीचा पूल ओलांडून ती शहराच्या भलत्याच टोकाला पोहोचली होती. तिच्या पिशवीत चिमटीचे सँडल होते. चांभाराने दोन्ही पट्टे नव्याने शिवले होते.

मैत्रिणी परतल्या तेव्हा ती गच्चीच्या पायरीवर बसून पाणी पीत होती. मास्तरणीचा जीव भांड्यात पडला. चिमटी पुढे आली आणि शिट्टीच्या समोर जमिनीवरच बसली.

"तुझ्या स्पीकरचं चार्जिंग मी मुद्दाम बंद केलं. फोनचं माहीत नव्हतं. पण स्पीकरचं मुद्दाम."

"मी काय केलं होतं तुझं?"

"काही नाही. तू हिला घेऊन चाललीस, असं वाटत होतं."

शिट्टीने बराच वेळ टाच चोळली. "मला राग आलाय," ती म्हणाली. "उद्यापर्यंत राहील. सँडल घालून बघ, होतात का."

मास्तरणीचा राग मात्र उद्यापर्यंत गेला नाही. परतीच्या गाडीत कुठलाच स्पीकर वाजला नाही. ती नव्या गावी गेली, आणि चार महिने चिमटीच्या दुकानात पुन्हा नुसती टिकटिक राहिली. मी वरच्या फळीवर होतो. मग एक दिवस मास्तरणीचा फोन आला. "मीच आधी सांगायला हवं होतं," ती म्हणाली. चिमटी भिंग डोळ्यावर तसंच ठेवून रडली.

आता त्या चौघी मिळून जातात. काळा स्पीकर बरोबर असतो. मी नसतो, माझी बॅटरी तासभरही टिकत नाही. त्या निघाल्या की मी आजही जळतो. हे लपवून काय करू?

मागच्या महिन्यात काळा दुकानात आला. शिट्टीने पाठवला होता, सोबत चिठ्ठी: "तळ्यात पडला. बोलत नाही. बघतेस का?" चिमटीला हसू आवरेना. मलाही. पण तिने सुट्टीच्या दिवशी दुकान उघडलं आणि सबंध सकाळ त्याच्यावर घालवली. त्याला माझ्या शेजारी उघडा ठेवला होता. आत तेच चुंबक, त्याच दोन तारा. ओला, गप्प, दिवे विझलेले. मला त्याच्याशी भांडावंसं वाटेना. दुपारी तो खरखरला, आणि मग बोलला. तो फळीवर तीन दिवस होता. चौथ्या दिवशी चिमटीने त्याला खोक्यात घालून पाठवून दिलं, तेव्हा फळी मला उगाच मोठी वाटली.

मित्रांनो, तुमच्या कपाटात माझ्यासारखं कुणी पडलं असेल, तर महिन्यातून एकदा त्याला पुसा, थोडं वाजवा. आमची बॅटरी वापराने संपते, पण मरते ती पडून राहिल्याने. आणि तुमची जिवलग मैत्रीण नव्या कुणाबरोबर हसताना दिसली आणि पोटात दुखलं, तर तिला जाऊन तसं सांगा. शब्द वेडेवाकडे आले तरी चालतील. मला ते बोलता येत नव्हतं, मी दुसऱ्यांचीच गाणी म्हणतो. तुम्हाला बोलता येतं.