थंडोबाचा समुद्र

फ्रिज दुरुस्त करणाऱ्या थंडोबाला खरं नाव होतं, पण ते विजेच्या बिलावरच राही. ज्याच्या घरचं दूध नासे, तो दुकानाच्या दारातून "थंडोबा, चला हो" एवढंच म्हणे आणि थंडोबा आपल्या चालीने निघे. पन्नाशी उलटेपर्यंत बिनलग्नाचा राहिलेला हा माणूस थंड समुद्राकाठच्या बंदराच्या गावी बर्फाच्या कारखान्यात यंत्र बसवायला काय गेला आणि जाळी विणणाऱ्या एका विधवा बाईशी लग्न करून काय आला! तिच्यात त्याने काय पाहिलं ते गल्लीला पहिल्याच दिवशी कळलं. त्याच्यात तिने काय पाहिलं, यावर अजून एकमत होत नव्हतं.

खुद्द थंडोबाचंही होत नव्हतं. बाई हसतमुख, कामाला वाघ. पण खुर्चीत बसायची ती काठावर, उठून जायला सोपं पडावं अशी. तिकडे धाकट्या बहिणीने तिची खोली रिकामी ठेवली होती. "ताई, नाही करमलं तर सरळ निघून ये," हे ती फोनवर इतक्या जोरात सांगे की स्वयंपाकघरात चहा गाळणाऱ्या थंडोबालाही ऐकू जाई.

एकदा बाई सहज बोलून गेली, "इथं सगळं आहे हो. फक्त ओहोटी येत नाही."

मग हळूहळू कळलं, की समुद्र मागे हटला की खडकांच्या खळग्यांत पाणी उरतं आणि त्यात डोकावत बसणं, हा तिचा लहानपणापासूनचा एकुलता एक चैनीचा प्रकार होता. थंडोबाने मनाशी ठरवलं, ओहोटी जमणार नाही, खळगा जमेल.

माशांच्या दुकानातला दुकानदार बोलघेवडा होता. "गरम पाण्यातले रंगीत मासे न्या की. नवशिक्याला सोपे."

"तिचा समुद्र थंड आहे."

"मग पाणी गार ठेवायचं यंत्रही न्या. हे बघा."

थंडोबाने यंत्राकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू सुताराला कोणी स्टूल विकू पाहतंय. काचेची टाकी, मीठ आणि खारटपणा मोजायची नळी तेवढी घेऊन तो बाहेर पडला.

बाकी सगळं त्याने दुकानदाराच्या सांगण्याप्रमाणे केलं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवलं, मीठ विरघळवलं, खडक रचले. "पाण्यात आधी न दिसणारे जीव रुजू द्या, मग दिसणारे सोडा," असं दुकानदाराने बजावलं होतं, म्हणून कित्येक आठवडे दोघं रिकामी टाकी बघत बसली. शेजारीण येऊन म्हणाली, "मासे लाजतात वाटतं?"

गारव्याचं काम मात्र थंडोबाने स्वतःच्या हाताने केलं. जुन्या वॉटर कूलरचं यंत्र, आणि त्याला तांब्याच्या नळीचं वेटोळं, थेट पाण्यात सोडलेलं. जोड असे की बोट फिरवलं तरी लागू नये. काटा बारा अंशांवर येऊन थांबला तेव्हा तो बायकोला म्हणाला, "बघा, तुमच्या गावापेक्षा शिस्तीचा समुद्र."

ओहोटी साधून दोघं बंदरावर जाऊन आली. बाईने एकच दगड निवडला. त्याला समुद्रफूल चिकटलं होतं: जीवच तो, पण उघडला की गडद लाल पाकळ्यांचा. टाकीत ठेवल्यावर संध्याकाळी ते फुललं. बाई खुर्ची ओढून टेकून बसली आणि जेवायची वेळ टळली तरी उठली नाही. थंडोबाने आवाज न करता भांडी घासली.

दोन-तीन दिवसांत पाकळ्या आखडल्या. मग फुलाचा नुसता चिकट गोळा झाला आणि दगडावरची त्याची पकड सुटत चालली. बाईने काही आदळआपट केली नाही. एवढंच म्हणाली, "त्याचा काय दोष? जिथलं तिथंच राहू द्यायला हवं होतं."

हे ती फुलाबद्दलच बोलली असेल, अशी थंडोबाने स्वतःची समजूत घालून पाहिली. पटेना. त्याने दुकानदाराला फोन लावला.

"पाण्यात काही धातू आहे का?" सगळं ऐकून दुकानदाराने विचारलं.

"फक्त तांबं. माझ्या हातचं, एक नंबर काम."

"अहो थंडोबा, खाऱ्या पाण्यात तांबं उतरतं. असल्या जीवांना ते विष! बाहेर काढा आधी."

थंडोबा टाकीशी आला. जोडांकडे बघवेना. "फुलाला इथं काही कमी नव्हतं," तो बायकोला म्हणाला. "मीच मारत होतो त्याला. माझ्या हौसेने."

बाईने त्याच्याकडे बघितलं, मग बाह्या वर केल्या. "रडगाणं नंतर. पाणी बदलायला बादली भरून ठेवलीय ना? आणा इकडे."

बादलीतलं पाणी चांगलं होतं, पण गार नव्हतं. थंडोबाने घरचा फ्रिज उघडला, दूध-भाजी बाहेर काढली, बटणाच्या मागचा स्क्रू पिळून काटा बारावर आणला आणि काचेच्या वाडग्यात समुद्रफूल मधल्या कप्प्यात ठेवलं. हवेची बारीक नळी दाराच्या फटीतून आत घातली. दूध दुसऱ्या दिवशी नासलं. शेजारीण बिनदुधाचा चहा पिऊन म्हणाली, "फ्रिजवाल्याच्या घरी ही तऱ्हा!" दोघांनी एकमेकांकडे न बघता हसू गिळलं.

वाडग्यातलं पाणी बाई रोज बदले. दार कितीदा उघडायचं यावरून थंडोबा कुरकुरे. एका सकाळी तिने हाक मारली. गोळ्याच्या मधोमध लाल रेघ उमलली होती आणि एक पाकळी चाचपडत बाहेर आली होती.

थंडोबा बराच वेळ वाकून बघत राहिला. मग सरळ होऊन, शब्द जुळवत म्हणाला, "आता जगेल. तुम्हाला वाटत असेल तर परत समुद्रात सोडून येऊ. आणि... तुम्हालाही तिकडेच बरं वाटत असेल तर मी पोचवीन. मनात काही ठेवणार नाही."

बाईने फ्रिजचं दार लावलं.

"एका वाडग्यासाठी एवढा प्रवास?" ती म्हणाली. "ती टाकी रिकामी करा, ते खडकही काढा, त्यांच्यात तांबं मुरलं असेल. दुकानातलं यंत्र मुकाट्याने आणा. आणि या वेळी खडक मी रचणार. तुम्ही रचता ते फ्रिजच्या कप्प्यांसारखे."