दिव्यदृष्टी आणि दारामागची वही

सकाळी दहाला मी त्या घरी पोचले तेव्हा जिन्यापर्यंत माणसं उभी होती. आत तीन वर्षांची मुलगी, श्वासासाठी गळ्यात नळी बसवलेली, आणि तिच्या खाटेभोवती निम्मी इमारत. महाराज यायचे होते.

अशा नाजूक तब्येतीच्या मुलांच्या घरी नर्स जाते, फिजिओथेरपिस्ट जातो, यंत्र तपासणारा जातो. या सगळ्यांचा मेळ घालणं हे माझं काम. त्यासाठी प्रत्येक घरात दारामागच्या खिळ्याला सुतळीने एक वही टांगलेली असते. जो येईल त्याने काय पाहिलं, काय केलं ते तिच्यात लिहायचं, म्हणजे पुढच्याला कळतं.

महाराजांनी इथे तीन फेऱ्यांत सगळ्यांना गार केलं होतं. डोळे मिटून आत यायचे आणि म्हणायचे, "मंगळवारी दोनदा उलटी. उजव्या कुशीवर झोप नाही." अगदी बरोबर! तिसऱ्या फेरीत त्यांनी फर्मावलं, "कफ ओढायच्या यंत्राच्या घरघरीने प्राणतेज पळतं. यंत्र परत करा." आईने लगेच माझ्या ऑफिसला फोन केला. आज दुपारी गाडी येणार होती आणि यंत्र खोक्यात भरून दाराशी ठेवलं होतं. त्याच्याशिवाय ही पोर एक दिवसही काढणार नाही, हे मला आणि नर्सबाईंना माहीत होतं. मी फोनवर आईला परोपरीने समजावलं होतं.

"पण ताई, त्यांना सगळं कळतं हो!"

"सगळं? फिजिओथेरपिस्टने छातीसाठी नवा व्यायाम दिलाय, त्याबद्दल काही म्हणाले?"

"नाही. त्याच्याबद्दल कधीच काही बोलत नाहीत."

तिथे माझी ट्यूब पेटली. आमच्या फिजिओथेरपिस्टचं अक्षर त्याच्या बायकोलाही लागत नाही. दिव्यदृष्टी नर्सबाईंच्या मोत्यासारख्या अक्षरापुरतीच चालत होती. शिवाय महाराजांना दारात चपला काढायला दहा मिनिटं लागतात, हे सगळी इमारत कौतुकाने सांगायची. मुलीची मावशी म्हणायची, "धरणीची क्षमा मागतात ते."

मग मी आणि नर्सबाईंनी मिळून एक आजोबा रचले. नर्सबाईंनी हसू दाबत त्यांची तब्येत तशाच दुसऱ्या वहीत सुवाच्य लिहून काढली. आज महाराज यायच्या आधी ती खिळ्याला लटकली आणि खरी वही नर्सबाईंच्या पिशवीत गेली.

महाराज आले. चपला काढायला बारा मिनिटं. मग डोळे घट्ट मिटून थेट खाटेपाशी.

"गुडघा दुखतो," ते घुमल्यासारखे म्हणाले.

"रांगते ना ती!" शेजारीण म्हणाली. मुलगी कधीच रांगली नव्हती.

"दात हलतात."

"दुधाचेच आहेत," मावशीने दुजोरा दिला.

महाराजांना चेव चढला. पाठ केलेला धडा म्हणावा तसे ते सुटले. "कवळी सैल आहे, बदलावी. दाढी करताना चिडचिड. उशीखाली सिगारेटी सापडल्या!"

मग शेजारीण हळूच म्हणाली, "मागच्या जन्मीची कवळी असेल." मावशीने तर उशी उचलून चाचपून पाहिली. "दिसत नाहीत. सूक्ष्म रूपात असतील."

"थांबा," आई म्हणाली. "माझ्या लेकीची दाढी?"

तेवढ्यात नळीतून घरघर ऐकू आली. मुलीची छाती आत ओढली जाऊ लागली, ओठांचा रंग बदलला. एवढ्या भक्तांतला एकही हलला नाही. महाराजांनी हात उंचावला, "स्पर्श करू नका, तेज उतरतंय!"

आईने त्यांना कोपराने बाजूला सारलं आणि खोक्याची चिकटपट्टी दातांनी फाडली. नर्सबाईंनी यंत्राची पिन लावली, मी पिशवीतून यंत्राच्या नव्या नळीचं पाकीट काढून फोडून दिलं. यंत्र घरघरलं. कफ निघाला, पुन्हा निघाला, आणि मुलीने मोकळा श्वास घेतला.

मग मी खिळ्यावरची वही काढून मोठ्याने वाचली. "गुडघा दुखतो. दात हलतात. कवळी सैल, बदलावी." तेच शब्द, तोच क्रम. मावशीच्या हातातून उशी खाली पडली.

महाराजांनी डोळे उघडले. बहुधा त्या खाटेपाशी पहिल्यांदाच. "नजर लागली माझ्या विद्येला," असं काहीतरी पुटपुटत ते दाराकडे सरकले. या वेळी चपला घालायला त्यांना दोन सेकंदही लागले नाहीत.

मंडळी, त्या माणसाला जे जे कळत होतं, ते नर्सबाईंनी रोज पोरीजवळ बसून, पाहून, मोजून लिहिलेलं होतं. हात जोडायचेच असतील तर ते कुणाला, हे तुम्हीच ठरवा. आणि तुमच्या घरी कोणी सर्वज्ञ आलाच, तर आधी बघा, तो दारात किती वेळ रेंगाळतो.

गाडी रिकामीच परत गेली. आईने नर्सबाईंकडून खरी वही मागून घेतली आणि पहिल्यांदाच स्वतः पेन हातात धरलं. "सकाळी पावणेअकरा. नळी तुंबली. कफ काढला. श्वास मोकळा." खाली सहीच्या जागी तिने लिहिलं, आई. मग वही पुन्हा खिळ्याला लावली.