परत न घेतलेला ड्रेस

शिक्का बसला आणि मग चादरताईंच्या लक्षात आलं, की हाताखाली चादर नाही, आपला नवा ड्रेस आहे.

"अगं बाई!"

समोरच्या टेबलावर इस्त्रीवाले मामा उशांचे अभ्रे रचत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय झालं?"

"मामा, ही शाई जाते का हो?"

"आता तुम्हीच मला विचारा! सव्वीस वर्षं सगळ्यांना सांगताय, जात नाही म्हणून."

दवाखान्याच्या लिनन रूममध्ये नवा कपडा आला, की डाव्या हाताने त्याचा कोपरा ओढायचा आणि उजव्या हाताने शिक्का मारायचा. सव्वीस वर्षं हेच. त्यामुळे त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं, बाकी सगळ्यांना त्या चादरताई. आज दुपारी दोनशे चादरींचा गठ्ठा आला होता. संध्याकाळी ड्रेस दुकानात परत करायचाच होता, म्हणून एकदा, शेवटचं, बघून घ्यावं असं त्यांना वाटलं. त्यांनी तो पिशवीतून काढून टेबलावर पसरला. तेवढ्यात मामांनी चहाचं विचारलं, त्यांनी "अर्धाच" म्हटलं, आणि हातांनी आपलं काम केलं. जांभळ्या ड्रेसच्या घेरावर, अगदी समोर, ठळक अक्षरांत उमटलं होतं: पुरुष शस्त्रक्रिया विभाग.

मामांना हसू आलं. पण ताईंच्या तोंडाकडे पाहून त्यांनी ते गिळलं.

ड्रेस घ्यायचाच नव्हता. पाच महिने त्यांनी स्वतःसाठी काही घेतलं नव्हतं. घरच्या कपाटात अकरा कपडे किमतीच्या चिठ्ठीसकट पडून होते आणि ते पाहून मुलीने एक दिवस डोक्याला हात लावला होता. तिनेच मग नेम घालून दिला. "आई, कपडा आवडला की हातातून खाली ठेवायचा. दुकानाबाहेर जाऊन एक फेरी मारायची. तरीही हवासा वाटला तर मला फोन करायचा." ताईंनी तो नेम इतका मनावर घेतला, की दवाखान्यातल्या आयाबायांनाही त्या तोच उपदेश करू लागल्या.

आणि शनिवारी माशी शिंकली. मंगळवारी मुलीची मुलाखत होती. कुरिअरच्या ऑफिसात दिवसभर पार्सलांचं वजन करून तिचे खांदे भरून येत. ही नोकरी लागली तर खुर्चीवर बसायला मिळणार होतं. तिला सुट्टी नव्हती, म्हणून तिने जमवलेले पैसे एका पाकिटात घालून, वर मापं लिहून, आईकडे दिले होते. एक पांढरा शर्ट, एक काळी पँट. बस.

दुकानात शिरल्याबरोबर समोर हा ड्रेस. अर्ध्या किमतीत, शेवटचा नग. ताईंनी तो अंगाला लावून आरशात पाहिलं. दिवसभर दुसऱ्यांच्या चादरी आणि अंगात राखाडी कोट, अशा बाईला आरशात कुणी वेगळंच दिसलं तर तिने काय करावं? तरीही त्यांनी तो खाली ठेवला. बाहेर जाऊन फेरीसुद्धा मारली. पण फेरी मारता मारता त्यांची पावलं भरभर पडू लागली. आपण फिरतोय तोवर कुणी उचलला तर? फोन काढला आणि परत पर्समध्ये टाकला. मुलगी काय म्हणणार, ते माहीत होतं.

रात्री घरी आल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली. मुलीला सांगितलं, "पँट लांब होती, कमी करायला टाकलीय. शर्टही दुकानातच ठेवलाय. सोमवारी दोन्ही मिळेल." रविवारी दुकान बंद. सोमवारी ड्रेस परत करायचा, त्याच पैशांत शर्ट-पँट घ्यायची, कुणाला काही कळणार नाही, असा सगळा हिशेब होता. तो आता शाईत गेला होता.

तरी संध्याकाळी त्या दुकानात गेल्या. काउंटरवरच्या मुलीने ड्रेस उलटसुलट केला आणि शिक्का मोठ्याने वाचला.

"काकू, हे काय?"

"चुकून झालं."

"असा नाही हो परत घेता येत. मॅनेजरना विचारू का?"

"नको," ताई म्हणाल्या. पगाराला अजून नऊ दिवस होते. शर्टांच्या रांगेकडे न बघता त्या बाहेर पडल्या.

घरी मुलगी वाटच बघत होती. "आणलेस कपडे?"

ताई चपला न काढताच खुर्चीवर बसल्या. "तुझ्या पैशांचा मी माझ्यासाठी ड्रेस घेतला. परत करणार होते, पण त्यावर शिक्का मारून बसले."

मुलीने पिशवीतून ड्रेस काढून शिक्का वाचला. मग म्हणाली, "फेरी मारली होतीस?"

"मारली."

"मग?"

"नेहमीपेक्षा लवकर परत आले."

मुलीला क्षणभर हसू फुटलं, पण ते टिकलं नाही. "आई, मला खूप राग आलाय. आत्ता माझ्याशी बोलू नकोस."

तिने कपाट उघडलं. अकराही कपडे पलंगावर काढले. फुलाफुलांचे, झालरीचे, चमकीचे. एकेक अंगाला लावून बघितला. त्यातला एकही मुलाखतीला घालून जाण्यासारखा नव्हता. ताई दारात उभ्या होत्या. त्यांना वाटलं, हिने ओरडावं, भांडावं, निदान एखादा तरी कपडा भिरकावून द्यावा. मुलीने ते सगळे घडी करून परत ठेवले आणि ती शेजारच्या वहिनींकडे गेली.

सकाळी ती तयार झाली. वहिनींचा पांढरा शर्ट, स्वतःची जुनी काळी पँट. बाह्या कोपरापर्यंत नीट दुमडलेल्या.

"कशी दिसते?"

"छान दिसतेस. बाह्या अशा चांगल्या वाटतात."

"हो ना? सध्या अशीच पद्धत आहे," मुलगी म्हणाली. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती जिना उतरली.

ताई खिडकीपाशी गेल्या. रस्त्याच्या वळणावर मुलगी थांबली. तिने एक बाही उलगडली आणि मनगटाच्या दिशेने ओढून पाहिली. बाही चार बोटं आखूड पडली. हात लांब करून तिने पुन्हा एकदा ओढून पाहिली. मग बाही पहिल्यासारखीच, एकेक घडी दाबत, वर दुमडून ती ताठ मानेने चालू लागली.