उपरण्याला रक्त चढलं

रविवारची दुपार. सिंगापूरमधल्या यिशुनच्या त्या फ्लॅटमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुण्या-मुंबईचे इंजिनिअर, मॅनेजर हात जोडून बसले होते. मनोहरस्वामींनी डांग ग्वेई या चिनी औषधी वनस्पतीचं वाळकं मूळ हळदीत घोळवलं, रक्त कमी झालेल्या ईशाच्या तळहातावर ठेवलं आणि वर तांब्यातलं तीर्थ शिंपडलं. मूळ लालभडक झालं!

"चिनी ऋषींचं मूळ, वर आपला मंत्र! रक्त चढलं, पोरी! आता कसल्या तपासण्या करतेस?"

जयजयकार झाला. अडाण्यांना हसायची सोय असते. इथे प्रत्येकाच्या भिंतीवर डिग्री टांगलेली.

"काकू, उद्याची नोव्हेनाच्या हॉस्पिटलची अपॉइंटमेंट कॅन्सल करते," ईशा शेजारच्या सुमित्राकाकूंना आनंदानं म्हणाली.

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. गेल्या वर्षी याच लालीवर भरवसा ठेवून त्यांच्या नवऱ्यानं, शामकांतरावांनी, तपासणी टाळली होती. रक्त कमी होत होतं ते आतड्याच्या कॅन्सरनं. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. ते गेल्यावर काकूंनी त्यांचा हळदीचे डाग पडलेला सदरा धुवायला घेतला. साबण लागताच डाग लाल झाले, आणि काकूंना सगळं उमगलं. तेव्हापासून त्या या माणसाची वाट पाहत होत्या.

काकू उठल्या. पाया पडायला आल्या असं समजून स्वामींनी पाय पुढे केले.

"स्वामी, तुमचंही रक्त वाढवू या की!" म्हणत काकूंनी मूठभर हळद त्यांच्या पांढऱ्याशुभ्र उपरण्यावर फासली आणि तांब्या उपडा केला. उपरणं लालेलाल.

"अरेच्चा, उपरण्यालाही रक्त चढलं!" मागून कुणीतरी खिदळलं.

"बाई, हे घोर पाप आहे!"

"पाप तुमच्या तांब्यात आहे. ही चुन्याची निवळी! आपण बाळांना पाजतो तीच. हळदीला चुना लागला की कुंकू होतं. बायांनो, रोज कपाळाला लावता आणि इथे चमत्कार म्हणून हात जोडता?"

स्वामी दाराकडे सरकले. काकू आडव्या उभ्या राहिल्या.

"बसा खाली. नुसती फजिती करून सोडणारी मी नव्हे. पोलिसांना मघाशीच फोन केलाय."

मग त्या ईशाकडे वळल्या. "मला सूड घ्यायचा होता, घेतला. माझं माणूस काही परत येत नाही. मुळाचा दोष नाही गं, खालच्या दुकानातली चिनी आजी ते सूपमध्ये घालते. पण सूप म्हणजे तपासणी नव्हे. रक्त कुठे जातंय ते डॉक्टरलाच शोधू दे. आणि तुम्ही सगळे, हात जोडण्याआधी निदान एक प्रश्न तरी विचारा!"

ईशा रडत होती. काकूंनी तिचा हळदीचा हात धरला.

"उद्या किती वाजता? मी येते बरोबर."