पाव इंच कड

त्या रविवारी आमच्या जबलपूरच्या गोरखपूर बाजारातल्या दुकानाच्या माडीवर जे लोक बसले होते, त्यांची मी कुठेकुठे आठवण काढतो म्हणून सांगू! भाजी घेताना काढतो, पेन्शनच्या लाइनीत काढतो. माझी बायको भागीरथा म्हणते, "पुरे आता, उचक्या लागून राहिल्या असतील त्यांना." लागू द्या. मी, मोतीराम, फॅक्टरीच्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेला माणूस. पस्तीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो. आभार मानायचं काम बाहेर उभ्या असलेल्यांचं, मला त्याची सवयच नव्हती.

माझी नात संघमित्रा, आमची मितू, बारा वर्षांची. आम्ही घरात मराठी बोलतो, ती उत्तर हिंदीत देते. समजतं तिला सगळं, पण तोंडातून निघत नाही. दोन वर्षांपूर्वी तिला त्या पत्त्यांचं वेड लागलं. आपले बावन्न पत्ते नव्हेत हो, चित्रांचे. वाघ, गरुड, राक्षस असले. प्रत्येकाने आपले चाळीस पत्ते निवडून डेक बांधायचा आणि समोरच्याचे वीस पॉइंट शून्यावर आणायचे. दुपारी तिच्याशी खेळायला कोणी नव्हतं. "आबा, सीख लो ना, प्लीज." मी म्हटलं, हे काय माझं वय आहे? आणि महिन्याभरात असा शिकलो की भागीरथाने जेवायला तीनदा हाक मारली तरी उठेना.

माझी एकच अट होती, खेळताना मराठी बोलायचं. त्यामुळे मितूचं मराठी भलतंच तयार झालं. "पाणी दे" म्हणता येत नाही, पण "माझा विजेचा गरुड तुमच्यावर हल्ला करून राहिला" हे फाडफाड!

मग मुलाची बदली कोट्याला झाली. गुरुवारची तिकिटं निघाली. त्याआधीच्या रविवारी, हे पत्ते मिळतात त्या दुकानात, महिन्याची स्पर्धा होती, आठ लोकांची, प्रत्येकी तीन डावांची, हसतखेळत चालणारी. मितूने तिचं आणि माझं, दोघांचं नाव दिलं. सहा महिन्यांत तिने पाच स्पर्धा खेळल्या होत्या, एकदाही पहिल्या तिनात आली नव्हती. "लास्ट चान्स है, आबा," म्हणाली. रोज शाळेतून आली की बॅग फेकायची आणि पत्ते मांडायची.

आता माझं पाप सांगतो.

माझे वडील अंबादास भंडाऱ्याकडून इथे फॅक्टरीत आले. त्यांचे कागद लाकडी पेटीत होते, पेटी वाळवीने खाल्ली. नक्कल काढायची तर ऑफिस नागपूरला, आणि छप्पन साली राज्यं वेगळी झालेली. नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. हे म्हणायचे तिकडे जा, ते म्हणायचे इकडे जा. वयाच्या एका दाखल्यासाठी तो माणूस दोन वर्षं चपला झिजवत फिरला. मी बोट धरून सोबत असायचो. तेव्हापासून कागदाच्या बाबतीत माझं डोकं फिरलेलंच आहे. जबलपुरात लॅमिनेशनचं मशीन आलं तेव्हा पहिल्या गिऱ्हाइकांत मी होतो. पेन्शनचा आदेश प्लास्टिकात, मुलाची मार्कशीट प्लास्टिकात, भागीरथाच्या चष्म्याचा नंबरही प्लास्टिकात. ती म्हणते, "एक दिवस मलेही मशीनीत घालाल तुम्ही."

शनिवारी मितू आईसोबत सामान बांधत होती. तिचा डेक टेबलावर होता. चाळीस पत्ते, कोपरे घासलेले, प्रत्येकावरची पातळ पाकिटं फाटायला आलेली. मला वाटलं, पोरगी परगावी चालली, तिथे यांची काळजी कोण घेईल? उचलले आणि गेलो लॅमिनेशनवाल्याकडे. "भैया, हर पत्ता अलग. और चारों तरफ पाव इंच किनारी छोड़ना." कड सोडली नाही तर पाणी शिरतं, हे मला कोणी शिकवायला नको. दीड तास तिथे उभा होतो. पत्ते असे कडक, चकचकीत झाले की माझाच ऊर भरून आला. जुन्या डबीत मावेनात, म्हणून मिठाईच्या डब्यात रचले. तिला सांगितलं नाही. म्हटलं, टेबलावरच दाखवू, खूश होईल.

रविवारी माडीवर तिच्यापुढे डबा ठेवला.

"खोवा जलेबी?" म्हणत तिने उघडला, आणि तिचं हसणं तिथेच थांबलं. एक पत्ता काढून पाहिला, दुसरा पाहिला. गठ्ठा करून पिसायला गेली तर पत्ते घसरून टेबलभर झाले. ओरडली असती, रडली असती तर बरं झालं असतं. तिने ते गोळा करून पुन्हा पिसून पाहिले, पुन्हा घसरले.

स्पर्धेचा पंच श्रीपाद, सराफ्यातल्या जुन्या मराठी घरातला, बँकेत नोकरीला. त्याने दोन-चार पत्ते उलटेसुलटे करून पाहिले. "काका, हे चालणार नाहीत."

"काहून नाही चालणार? पत्ते तेच आहेत! उलट मजबूत झाले!"

"हाताने कापलेत ना. कोणाची कड मोठी, कोणाची लहान. मागून पाहूनच कळतं कोणता पत्ता आहे ते. आणि कडेमुळे पाकिटातही जात नाहीत."

माझा पारा चढला. "नियम दाखवा! तोंडी नको, लिहिलेला दाखवा!"

त्याने दाखवला. मोबाइलवर, कलमाच्या नंबरासकट. पस्तीस वर्षं मी लोकांना "नियमात बसत नाही" म्हणून परत पाठवलं, त्यांची तोंडं कशी होत असतील हे मला त्या दिवशी कळलं.

मी माझा डेक मितूपुढे सरकवला. तिच्याच उरल्यासुरल्या पत्त्यांचा होता तो. "हा घे. मी उठतो."

"नहीं आबा. वो आपका है. आप खेलो, हम देखेंगे." खाली मान घालून ती ते चकचकीत पत्ते एकेक करून डब्यात भरू लागली. पृथ्वी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं असं झालं.

तेवढ्यात समोरची विनता उठली. चेरीतालला राहते, शाळेत विज्ञान शिकवते. पहिला डाव तिचा आणि मितूचाच होता. गेल्या महिन्यात ही बाई माझ्यासोबत फार हळू खेळली म्हणून मी तिला म्हटलं होतं, "मॅडम, विचार करता की झोपता?" ती आता नक्की काहीतरी सुनावणार म्हणून मी तयारीतच होतो. तिने पिशवीतून आपल्या पत्त्यांची जाडजूड फाइल काढली.

"मितू, सांग बरं तुझे चाळीस. पाठ असतीलच."

मितूने वर पाहिलं. मग म्हणू लागली, हळूहळू, आणि मराठीत. पत्त्यांची नावं तिला माझ्यासोबत खेळून तशीच पाठ झाली होती. "विजेचा गरुड, तीन. दगडी कासव, चार..."

"कासवं दोन माझ्याकडे आहेत," कोपऱ्यातून कोणी म्हणालं.

"गरुड एक ले लो!"

"अच्छा, आगे बोलो बेटा."

फाइली उघडल्या, डबे उघडले. जी माणसं तासाभराने तिलाच हरवायला बसणार होती, ती आपले चांगले चांगले पत्ते तिच्यापुढे ठेवत होती. दुकानदाराने कोरी पाकिटं दिली. मी पत्ते पाकिटात घालत होतो आणि कोणाचा कोणता ते एका कागदावर लिहीत होतो, सवय कुठे जाते? सुरू करायची वेळ टळून गेली, तर श्रीपाद म्हणाला, "घड्याळ माझ्या हातात आहे. चालू द्या."

अडतीस झाले. वणव्याचे वाघ दोन राहिले. ते कोणाकडेच जास्तीचे नव्हते. विनताने स्वतःचा बांधलेला डेक घेतला, त्यातून दोन वाघ काढले आणि मितूच्या हातात दिले.

"अहो, पहिला डाव तुमच्याशीच आहे तिचा!" मी म्हटलं.

"मग? चाळीस पाहिजेत ना काका." आणि वाघांच्या जागी तिने फाइलीतले कुठलेतरी दोन उंदीर घातले.

मितूने तिला हरवलं. त्याच वाघाने! विनताने वाघ येताना पाहिला आणि कपाळावर हात मारून अशी हसली की सगळी माडी हसली. दुसराही डाव मितू जिंकली, तिसरा हरली, आणि तिसरी आली. बक्षीस म्हणून पत्त्यांचं एक न उघडलेलं पाकीट मिळालं. ते ती दोन्ही हातांत धरून होती. मी तिन्ही डाव हरलो. हरल्याचं इतकं सुख मला जन्मात झालं नव्हतं.

माझ्या यादीप्रमाणे ज्याचे त्याचे पत्ते परत केले. मग मी उभा राहिलो. म्हटलं, दोन शब्द बोलावेत, सरकारी पत्रांत हजारदा लिहिलेत. "मी आपणा सर्वांचा अत्यंत..." इथपर्यंत आलो आणि आवाजच निघेना.

"बसा काका, चहा घ्या," विनता म्हणाली. "की झोपता?"

रिक्षात मी म्हटलं, "मितू, चुकलो पोरी."

"पता है, आबा," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बक्षिसाचं पाकीट हलवून पाहत राहिली. मिठाईच्या डब्याचं काय केलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. वाटलं, फेकला असेल. फेकला तर ठीकच केलं.

गुरुवारी त्यांना गाडीत बसवून घरी आलो. घर असं गप्प होतं की पंख्याचा आवाज ऐकू येत होता. माझ्या टेबलावर मिठाईचा डबा. उघडला. माझ्या लॅमिनेशनचे पत्ते, पण कमी होते. मोजले. वीस.

खाली चिठ्ठी. मितूने मराठीत लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो. मोठी मोठी अक्षरं, वाकडी ओळ.

"आबा, डेक चाळीसचा असतो. वीस मी नेले, वीस तुमच्याकडे. आता मी आले नाही तर खेळ होत नाही. नियम आहे."

बुधवारी दुपारी ती "अभी आई" म्हणून एकटीच बाहेर गेली होती, ती कुठे गेली होती ते मला आत्ता कळलं. चिठ्ठी प्लास्टिकात होती. कडक, चकचकीत. चारी बाजूंनी पाव इंच कड सोडून.

मी तिथेच खुर्चीत बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. लपवून काय करू? टपटप पाणी त्या चिठ्ठीवर पडत होतं, आणि मी घाईघाईने धोतराने पुसत होतो.

भागीरथा स्वयंपाकघरातून येऊन मागे उभी राहिली. तिने चिठ्ठी वाचली, पदराने स्वतःचे डोळे पुसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"रडा, रडा," म्हणाली. "प्लास्टिक आहे, त्याले काही होत नाही."