शेवाळ, मशीन आणि मावशी

दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यात हौसेनं खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी ठेवली, आणि शेवाळानं त्यांच्या नाकी नऊ आणले. नळाच्या पाण्यावरच शेवाळ पोसतं, असं माशांचा दुकानदार म्हणाला. डॉक्टरांनी महिनाभर चौकशा करून पाणी शुद्ध करायचं भारीतलं मशीन बसवलं. त्याच्या पाण्यात क्षार मोजायचा मीटर बुडवला की आकडा शून्य यायचा. त्याच पाण्यात मीठ मोजून मिसळून त्यांनी टाकी नव्यानं भरली. तरी दोन महिन्यांत काचा पुन्हा हिरव्यागार.

एका सकाळी ते जरा लवकर आले, तर झाडलोट करणाऱ्या मावशी बेसिनच्या नळाचं मगभर पाणी टाकीत ओतत होत्या.

"मावशी, हे काय चाललंय?"

"टाकीतलं पाणी रोज बोटभर उडून जातं. माशांचे हाल नकोत म्हणून रोज भरते."

"अहो, मग मशीन काय शोभेला आणलंय?" डॉक्टर दातओठ खात म्हणाले.

मावशींनी हातातला मग खाली ठेवला.

"मशीनला हात लावायचा नाही, असं तुम्हीच बजावलं होतंत. मी एकदाही लावलेला नाही."